दोर, पट्टा आणि साखळी : उमरीच्या संदर्भात शक्तिवहनाच्या इतिहासाचा विचार

१. विषयप्रवेश

यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना शक्तीच्या उगमाकडे जितके लक्ष दिले जाते, तितके शक्तीच्या वहनाकडे दिले जात नाही. बैल, वाफ, तेल आणि वीज अशी युगे पाडण्याचा प्रघात सर्वमान्य झाला आहे. परंतु बैलाच्या खांद्यावरील जोर विहिरीतील पाण्यापर्यंत कसा पोचला, बाष्पयंत्राचा फेरा कापसाच्या चरकापर्यंत कोणत्या मार्गाने आला, किंवा लहानशा पेट्रोल यंत्राची शक्ती शेताच्या ढेकळांतून धावणाऱ्या चाकाला कशी मिळाली, हे प्रश्न परिशिष्टात ढकलले जातात. वस्तुतः एखाद्या प्रदेशातील माणसांच्या हाती कोणते यंत्र टिकले आणि कोणते टिकले नाही, याचे उत्तर पुष्कळदा उगमात नसून वहनात सापडते.

प्रस्तुत निबंधाचा विषय साखळीचालन हा आहे. खडतर रानात चालावयाची हलकी चारचाकी गाडी, जिला आज सर्वत्र ‘बग्गी’ असे म्हणतात, ती बांधताना तरुण अभियंते यंत्र आणि मागील आस यांच्यामध्ये पुष्कळदा साखळी योजतात. मोटारगाडीने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत टाकून दिलेली ही योजना शंभर वर्षांनी पुन्हा का स्वीकारली जाते, हा मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना नांदेड जिल्ह्यातील उमरी आणि तिचा परिसर हा दृष्टिक्षेपाचा बिंदू म्हणून घेतला आहे. उमरी हे महानगर नाही किंवा यंत्रोद्योगाचे केंद्रही नाही. ती कापसाची पेठ आहे. शक्तिवहनाचे तीन प्रकार, म्हणजे मोटेचा दोर, जिनातील पट्टा आणि सायकल-मोटरसायकलीची साखळी, हे अशा पेठेच्या गावात एकामागून एक आले आणि काही काळ शेजारी शेजारी नांदले. म्हणूनच तेथून पाहिले असता त्यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट दिसतो.

२. घटमाळ आणि मोट

साखळीचा विचार करताना प्रथम एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. काही साखळ्या माल वाहतात, तर काही शक्ती वाहतात. रहाटावरील घटमाळ ही पहिल्या प्रकारची होय. तिच्या कड्यांना बांधलेली गाडगी पाणी वर आणतात, पण एका आसाची गती दुसऱ्या आसाला देणे हे तिचे कार्य नव्हे. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे चालक साखळी, हिचा इतिहास पुढे येणार आहे. तथापि दातेरी चाक आणि अखंड फिरणारी माळ यांची सांगड घालण्याची कल्पना दोन्हींत समान आहे, आणि ती या देशात फार जुन्या काळापासून परिचित होती.

महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त रहाटाच्या घटिकांचा उल्लेख आहे. हा संग्रह परंपरेने प्रतिष्ठानच्या सातवाहन हालाच्या नावावर नोंदला जातो. म्हणजे ज्या गोदावरीच्या खोऱ्यात उमरीचा परिसर मोडतो, त्याच खोऱ्याशी त्याचा संबंध पोचतो. अशा उल्लेखांतील ‘अरघट्ट’ नेमका कोणता, यासंबंधी संशोधकांत मतभेद आहेत. चाकाच्या परिघावरच घट बांधलेले यंत्र, चाकावरून खोल विहिरीत सोडलेली घटमाळ, आणि बैलाच्या आडव्या फिरण्याला दातेरी चक्रांनी उभ्या फिरण्यात बदलणारी पूर्ण रचना, या तीन वेगळ्या अवस्था होत. यांपैकी तिसरी, दातेरी चक्रांची अवस्था, तेराव्या-चौदाव्या शतकात रूढ झाली असावी असे मत इरफान हबीब यांनी १९६९ साली भारतीय इतिहास परिषदेच्या वाराणसी अधिवेशनात मांडले. बाबराने सोळाव्या शतकात आपल्या आत्मचरित्रात लाहोर, दिपालपूर आणि सरहिंद या भागांतील रहाटाचे वर्णन केले असून आग्रा व बयाना येथे मात्र चामड्याची मोट चालते, अशी नोंद केली आहे. एकाच सलग मैदानी प्रदेशात दोन पद्धती शेजारी शेजारी होत्या, हे या नोंदीवरून उघड होते.

महाराष्ट्रातही स्थिती अशीच होती. कोकणात, विशेषतः अलिबागच्या अष्टागरात, नारळी-पोफळीच्या वाड्यांना पाणी देण्यासाठी घटमाळेचा रहाट चालत असे. देशावर आणि मराठवाड्यात मात्र मोट प्रमुख राहिली. दख्खनच्या पठाराला रहाट ठाऊक नव्हता म्हणून तो तेथे आला नाही, अशी कारणमीमांसा यामुळे टिकत नाही. कारणे विहिरीत शोधावी लागतात. कोकणपट्टीत पाणी उथळ असते आणि त्याची पातळी वर्षभरात फारशी हलत नाही. तेव्हा ठराविक लांबीची माळ तेथे सोयीची पडते. बेसाल्टच्या खडकात खोदलेल्या विहिरीचे पाणी श्रावणात वर असते आणि वैशाखात तळाला जाते. मोटेला त्याची अडचण नाही. नाडा आणि सोंदूर यांची लांबी वाढविली की काम भागते. माळेला मात्र दर वेळी कड्या जोडाव्या लागतात, आणि जोडलेल्या प्रत्येक कडीबरोबर बैलावरील भार वाढतो.

दुसरे कारण दुरुस्तीचे आहे. मोटेचे चामडे, नाडा, चाक, लाकडी धाव यांतील प्रत्येक वस्तू गावातील बलुतेदारांच्या हाताखालून जात असे. सोंडमोटेत तर मोट रिकामी करण्यासाठी थारोळ्यावर वेगळा माणूस उभा करण्याचीही गरज उरली नाही. मुख्य नाड्याबरोबर सोंडेचा दोर ओढला जाऊन पाणी आपोआप सांडे. मोटेला मागासलेले यंत्र म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी या रचनेतील हिशेब पाहिलेला नसतो. तिचा खरा दोष वेगळाच आहे. तिची गती खंडित असते; बैल धावेवरून उतरतात तेव्हा काम होते, आणि मागे सरतात तेव्हा ते थांबते. अखंड गतीची जेथे गरज नाही, तेथे दोर पुरेसा आहे. जेथे ती आवश्यक झाली, तेथे दोर मागे पडला. हा बदल उमरीत प्रथम शेतात घडला नाही; तो कापसाच्या जिनात घडला.

३. पट्टा आणि कापसाची पेठ

सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. मुदखेड आणि धर्माबाद यांच्या दरम्यान असलेली उमरी या मार्गावर आली आणि आसपासचा कापूस तेथे गोळा होऊ लागला. सरकी काढणे आणि गठाणी दाबणे ही कामे रेल्वेलगत होणे सोयीचे असल्यामुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने हे अशा गावांचे लक्षण बनले. १८४० च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या मॅकार्थी पद्धतीच्या रुळाच्या चरकाला हिंदुस्थानात मोठा प्रसार मिळाला, कारण येथील आखूड धाग्याच्या कापसाला तो मानवे.

अशा जिनाच्या आतील रचना पाहण्यासारखी असे. एका टोकाला बाष्पयंत्र, पुढील काळात तेलयंत्र. तेथून छताखालून किंवा जमिनीखालून गेलेला एक लांब लोखंडी कणा. आणि त्या कण्यावरील प्रत्येक चाकावरून खाली किंवा वर एकेका चरकाला गेलेला चामड्याचा किंवा कापडी पट्टा. एका यंत्राची शक्ती अनेक यंत्रांत वाटण्याचा याहून सोपा मार्ग त्या काळी नव्हता. पट्ट्याचा एक गुण विशेष महत्त्वाचा होय. चरकात सरकी अडकली किंवा बाहेरची वस्तू सापडली की पट्टा घसरतो. यंत्र मोडत नाही. घसरणे हा पट्ट्याचा दोष म्हणून पुस्तकांत नमूद असतो, पण जिनातील कामगाराच्या दृष्टीने तोच त्याचा आधार होता. उलटपक्षी, उघडे धावणारे पट्टे हे अपघातांचेही मोठे कारण होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

या व्यवस्थेचे सामाजिक स्वरूप मोटेच्या अगदी विरुद्ध होते. मोट विखुरलेली, तर कणा-पट्टा केंद्रीभूत. मोटेचा मालक शेतकरी. जिनाचा मालक भांडवलदार व्यापारी. कापसाबरोबर पेठेत पैसा आला. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरी येथील बँक लुटून सुमारे वीस लाख रुपये संग्रामाच्या कामासाठी नेले, ही घटना मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात प्रसिद्ध आहे. तिचा विचार सामान्यतः धाडसाच्या अंगाने होतो. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातून आणखी एक अनुमान निघते. एका लहान रेल्वे-गावातील बँकेत एवढी रोकड असणे हे कापसाच्या हंगामाचे, म्हणजेच रेल्वे आणि जिन यांनी घडविलेल्या पेठेचे द्योतक मानावयास हरकत नाही.

तथापि पट्ट्याने आणलेली यंत्रविद्या जिनाच्या भिंतींबाहेर फारशी पडली नाही. लांब कणा, त्याचे आधार, मोठी चाके आणि अचल पाया यांवाचून ती उभी राहत नाही. शेतकरी जिनात कापूस घेऊन जाई आणि पैसे घेऊन परत येई. यंत्र त्याच्याबरोबर घरी येत नसे. ज्या यंत्राने घरापर्यंत प्रवेश केला, ते साखळीवर चालणारे होते.

४. चालक साखळीचा पूर्वेतिहास

शक्ती वाहणाऱ्या साखळीचा शोध एका देशाच्या किंवा एका पुरुषाच्या नावावर लिहिता येत नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील बायझंटियमच्या फिलोने ऱ्होड्स येथील एका आवर्ती बाणयंत्राचे वर्णन केले असून त्यात चपट्या कड्यांची साखळी पंचकोनी चाकांवरून फिरत असे. ती अखंड गती देत नव्हती. मागे-पुढे सरकत होती. एका आसाची अखंड गती दुसऱ्याला देणाऱ्या साखळीची निश्चित उदाहरणे चीनमध्ये आढळतात. इ. स. ९७६ मधील चांग सू-श्युन याच्या आणि त्यानंतर अकराव्या शतकाच्या अखेरीस काइफेंग येथे सू सुंग याने उभारलेल्या खगोलीय घटिकायंत्रात अशी साखळी होती. तिला ‘स्वर्गाची शिडी’ असे काव्यमय नाव होते. जोसेफ नीडहॅम, वांग लिंग आणि डेरेक प्राइस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हा इतिहास पाश्चात्त्य विद्वानांच्या नजरेस आला. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांतही कडीच्या साखळीची उत्तम रेखाटने आहेत. त्याची माद्रिद येथील दोन हस्तलिखिते १९६५ साली पुन्हा सापडली.

परंतु रेखाटन आणि उत्पादन यांत मोठे अंतर असते. साखळीतील प्रत्येक कडीची लांबी अगदी सारखी असावी लागते. शंभर कड्यांपैकी एक जरी लांब निघाली, तरी ती दात चुकविते. हाताने ठोकून केलेल्या कड्यांत ही समानता मिळणे अशक्यप्राय होते. ती यंत्राने कापलेल्या पोलादी पात्यांमुळे शक्य झाली. फ्रान्समध्ये आंद्रे गाल याने १८२९ साली आपल्या साखळीचे एकस्व घेतले. १८४३ साली पाण्यात उतरविलेल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजात ब्रुनेलने अवाढव्य साखळ्यांच्या योगे यंत्राच्या फेऱ्यांची गती सुमारे तिप्पट करून पंख्याला दिली.

आज वापरात असलेल्या साखळीचा जन्म मात्र कापसाशी निगडित आहे, ही गोष्ट उमरीसारख्या पेठेच्या संदर्भात लक्षणीय होय. लँकेशायरमधील सॉलफर्ड येथे जेम्स स्लेटर याने रुळाच्या साखळीचे एकस्व १८६४ साली घेतले. त्याचा धंदा वस्त्रोद्योगाच्या यंत्रांना साखळ्या पुरविण्याचा होता. हा काळ अमेरिकन यादवी युद्धाचा. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडत होत्या आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला अपूर्व भाव आला होता. पुढे १८७९ मध्ये हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने स्लेटरचा धंदा विकत घेतला, आणि १८८० साली बुश-रोलर साखळीचे एकस्व मिळविले.

रेनॉल्डची सुधारणा बारीक दिसते, पण तिनेच साखळीचे भवितव्य ठरविले. पूर्वीच्या रचनेत पिनेचा दाब बाजूच्या पात्यांच्या अरुंद कडेवर येई. त्यामुळे भोके लवकर झिजत आणि साखळी लांब होई. रेनॉल्डने आतील दोन पात्यांच्या मध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घट्ट बसविली. पिन त्या नळीत फिरू लागली आणि दाब नळीच्या संपूर्ण रुंदीवर वाटला गेला. नळीवर सैल फिरणारा रुळ चाकाच्या दाताला घासण्याऐवजी त्यावर लोळू लागला. घर्षण व झीज यांचे असे विभाजन करणे, हे या शोधाचे मर्म होय. सुमारे एकशे पंचेचाळीस वर्षांनंतरही ही रचना मूलतः बदललेली नाही.

५. सायकलीची वाट

साखळी लोकांपर्यंत पोचली ती सायकलीमुळे. पेडल पुढच्या चाकालाच जोडलेले असताना पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, असे समीकरण होते. वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे, आणि त्यातूनच उंच चाकाची धोकादायक सायकल जन्मास आली. साखळीने हे समीकरण तोडले. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ सायकलीत दोन जवळजवळ सारखी चाके, साखळी आणि मागील चाकाला चालना ही योजना स्थिर झाली. वेग चाकाच्या उंचीवर अवलंबून न राहता दोन दातेरी चक्रांच्या दातांच्या प्रमाणावर अवलंबून राहिला.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात सायकलीचे स्थान केवळ वाहनाचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले. त्या दुकानापासून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांपर्यंत, आणि १९१० साली स्थापन झालेल्या किर्लोस्करवाडीपर्यंत जो प्रवास झाला, त्याच्या आरंभी सायकल असावी हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. सायकलीची दुरुस्ती करणाऱ्याला दातांचे प्रमाण, आसाची समांतरता, साखळीचा ताण आणि गोळ्यांचे आधार या चार गोष्टी हाताने शिकाव्या लागतात. यंत्रविद्येची ती प्राथमिक शाळाच होय. अमेरिकेतील राइट बंधूही सायकलींचे दुकानदार होते. १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणात त्यांच्या विमानातील एकाच यंत्राची शक्ती दोन पंख्यांना साखळ्यांनीच दिली होती. पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरावेत म्हणून एका साखळीला आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला होता.

मोटारगाडीत मात्र साखळीचा काळ थोडका ठरला. आरंभीच्या अनेक गाड्यांत ती होती. पण चिखल, आवाज आणि वरचेवर ताणण्याचा त्रास यांमुळे बंद पेटीतील दंतचक्रे व फिरता कणा यांनी तिची जागा घेतली. स्वातंत्र्याच्या वर्षापासून महिंद्र कंपनीने मुंबईत जोडणीस घेतलेली जीप ही कणा-पद्धतीची गाडी होय. तिची दंतचक्रे कारखान्यातच कापावी लागतात; बिघडल्यास तालुक्याच्या गावी फक्त बदलता येतात. स्कूटरमध्येही यंत्र मागील चाकाशीच जोडलेले असल्यामुळे साखळीला वाव नव्हता. साखळी मोटरसायकलीत टिकली. १९५५ पासून मद्रासेत एन्फील्ड, १९६० च्या दशकाच्या आरंभापासून म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, आणि १९८४ नंतर जपानी सहकार्याने निघालेल्या शंभर घनसेंटिमीटरच्या हलक्या गाड्या असा हा क्रम आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने १९८५ साली औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना महत्त्वाचा, कारण मोटरसायकलींचे मोठे उत्पादन त्यामुळे याच विभागात येऊन ठेपले.

याचा परिणाम असा झाला की, ज्याला कारागीर ‘चेन-स्पॉकेट’ म्हणतात तो संच प्रत्येक तालुक्याच्या गावी दुकानात मिळू लागला. मोटेच्या नाड्याला जे स्थान एकेकाळी होते, म्हणजे जवळपास मिळणारी आणि जवळच्या माणसाला बसविता येणारी वस्तू, ते स्थान विसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी साखळीला मिळाले.

६. खडतर रानातील बग्गी

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७६ साली विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रानगाड्यांची स्पर्धा सुरू झाली; तिचेच भारतीय रूप ‘बाहा एस. ए. ई. इंडिया’ या नावाने २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे भरू लागले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ त्यात सातत्याने उतरतात. नळीच्या सांगाड्याची एका माणसाची गाडी, सर्वांना सारखेच लहान यंत्र, आणि खड्डे-चिखल-दगडांची वाट, असे तिचे स्वरूप आहे. मूळ अमेरिकन स्पर्धेत दीर्घकाळ दहा अश्वशक्तीचे यंत्र ठरलेले होते. यंत्र सारखेच असल्यामुळे गाड्यांतील फरक मुख्यतः शक्तिवहनात उरतो. म्हणूनच प्रस्तुत विषयाला ती एक प्रकारची प्रयोगशाळाच आहे.

दहा अश्वशक्तीचे यंत्र मिनिटाला ३,६०० फेरे घेत असता सुमारे २० न्यूटन-मीटर इतकेच पीळबल देते. ढेकळांतून गाडी चढविण्यास ते अपुरे. म्हणून वेग कमी करून बल वाढवावे लागते. बहुतेक गाड्यांत पहिला टप्पा रबरी पट्ट्याच्या, आपोआप प्रमाण बदलणाऱ्या चक्रजोडीचा असतो, आणि पुढील टप्पा दंतचक्रांचा किंवा साखळीचा असतो. ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जिनातील पट्ट्याचा घसरण्याचा गुण येथे यंत्राला झटक्यांपासून सांभाळतो, आणि जेथे घसरणे परवडत नाही त्या अखेरच्या टप्प्यावर साखळी येते.

साखळीचा टप्पा योजताना चार प्रश्न सोडवावे लागतात. पहिला प्रमाणाचा. चालक चक्राला १४ आणि चालित चक्राला ४२ दात असतील तर पीळबल तिप्पट होते. प्रमाण बदलावयाचे असल्यास एक चक्र काढून दुसरे बसविणे पुरते. दंतचक्रांच्या पेटीत तेच करण्यास नवी पेटी घडवावी लागते.

दुसरा प्रश्न ताणाचा. १५.८७५ मिलिमीटर अंतराच्या कड्यांची साखळी १४ दातांच्या चक्रावर घेतली, तर त्या चक्राची त्रिज्या सुमारे ३५.७ मिलिमीटर भरते. त्या आसावर १२० न्यूटन-मीटर पीळबल असेल तर साखळीवर सुमारे ३,३६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३४० किलोग्रॅम भाराइतका ताण येतो. आणि खड्ड्यातून उडालेले चाक जमिनीला पुन्हा लागते त्या क्षणी तो याहूनही बराच वाढतो. चक्र लहान केले तर ताण वाढतो. शिवाय दुसरे एक वैगुण्य उद्भवते. साखळी वर्तुळावरून जात नसून बहुभुजावरून जाते. त्यामुळे चक्र समगतीने फिरत असतानाही साखळीचा वेग कमी-अधिक होत राहतो. ११ दातांच्या चक्रावर हा चढउतार सुमारे चार टक्के असतो, तर १७ दातांवर दोन टक्क्यांच्याही खाली येतो. फिलोच्या पंचकोनी चाकात तो किती असेल याची कल्पना यावरून करता येईल.

तिसरा प्रश्न आसांमधील अंतराचा. साखळी सैल-घट्ट न होता चालावयाची तर हे अंतर स्थिर राहिले पाहिजे. परंतु रानात मागील चाके सतत वर-खाली होतात. त्यावर दोन उपाय रूढ आहेत. एक तर चालित चक्र सांगाड्यालाच जोडून तेथून सांध्यांच्या कण्यांनी चाकांपर्यंत शक्ती न्यावयाची. किंवा मागील आस एका झुलत्या भुजेवर बसवून त्या भुजेची खुंटी चालक चक्राच्या मध्याशी एकाक्ष ठेवावयाची, म्हणजे भुजा हलली तरी अंतर बदलत नाही. दुसरा उपाय घडविण्यास सोपा आणि स्वस्त. पहिला महाग पण चाकांना स्वतंत्रपणे हलू देणारा.

चौथा प्रश्न मातीचा आहे, आणि येथे उमरीचा परिसर पुन्हा समोर येतो. मराठवाड्याची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून बनलेली असून तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. पावसाळ्यात ती चाकाला थरावर थर चिकटते. हीच माती दोन दातांच्या मधल्या खोलगटीत दाबून बसली की रुळ तळापर्यंत पोचत नाही. चक्राची त्रिज्या जणू वाढते, साखळी ताणली जाते, आणि शेवटी ती दातांवर चढते किंवा तुटते. म्हणून रानगाडीच्या चक्राला दातांखाली चिखल बाहेर ढकलला जाईल अशी भोके पाडतात, आणि साखळीवर झाकण घालताना खालची बाजू उघडी ठेवतात. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीच्या बाजूस, बेसाल्ट संपून खालचे ग्रॅनाइट उघडे पडते. तेथील भरड वाळू वेगळ्याच प्रकारे हानी करते. ती तेलाबरोबर पिन आणि बुश यांच्यामध्ये शिरून कुरुंदासारखी घासते. एकाच जिल्ह्यात एकीकडे साखळी चिखलाने तुंबते आणि दुसरीकडे वाळूने झिजते. मूळ लांबीच्या सुमारे तीन टक्के वाढ झाली की ती बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

७. उपसंहार

या विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. मोटारगाडीने साखळी सोडली ती साखळी निकृष्ट होती म्हणून नव्हे. मोटारगाडी कारखान्याची वस्तू बनली, आणि कारखान्याला बंद पेटीतील दंतचक्रे हजारोंनी कापणे शक्य व किफायतशीर झाले म्हणून. बग्गी ही वस्तू एकेकटी घडते. ती बांधणाऱ्याजवळ वेल्डिंगचे यंत्र, लेथ आणि मोजपट्टी असते. दंतचक्र कापण्याची साधने नसतात. साखळीने श्रमाची विभागणी अशी केली आहे की, जेथे सूक्ष्मता अनिवार्य आहे तो भाग, म्हणजे कडी, पिन आणि बुश, कारखाना पुरवितो. आणि जेथे थोडीफार चूक खपते तो भाग, म्हणजे आसांची मांडणी आणि ताण, लहान कर्मशाळा सांभाळते. मोटेच्या दोरात सर्व काही गावाचे होते. जिनाच्या पट्ट्यात सर्व काही जिनमालकाचे होते. साखळीत प्रथमच दोघांचा वाटा ठरला.

ही विभागणी निर्दोष आहे असे नाही. गावातील कारागीर साखळी बसवू शकतो, पण घडवू शकत नाही. चामडे कमावणाऱ्या किंवा नाडा वळणाऱ्या बलुतेदाराचे मोटेवर जे संपूर्ण प्रभुत्व होते, ते त्याला मिळालेले नाही. तंत्राच्या प्रसाराबरोबर तंत्रावरील स्वामित्वाचाही प्रसार होतो, ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. दुसरीकडे, मोट गेली तेव्हा तिच्याबरोबर तिच्या कारागिरांचे ज्ञानही गेले, आणि ते लिहून ठेवण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. सायकल आणि मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या तालुक्याच्या गावांतील कर्मशाळांबाबत तीच उपेक्षा पुन्हा घडण्याचा संभव आहे. विजेच्या गाड्यांत चाकाच्या तुंब्यातच मोटर बसविण्याची पद्धत वाढत असून तेथे दोर, पट्टा आणि साखळी या तिन्हींना स्थान नाही.

तेव्हा प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने कागदपत्रे आणि शिलालेख यांच्याबरोबरच झिजलेले चक्र आणि ताणलेली साखळी यांकडेही साधन म्हणून पाहणे अगत्याचे आहे. कोणत्या बाजूचे दात अधिक झिजले, कोणत्या कडीची पिन स्थानिक लोहाराने बदलली, मूळ चक्राच्या जागी किती दातांचे चक्र बसविले, यांवरून त्या यंत्राने कोणता भार ओढला आणि कोणत्या मातीतून ओढला, हे वाचता येते. उमरीसारख्या गावाचा यंत्रेतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची सामग्री दप्तरखान्यात थोडी आणि भंगाराच्या दुकानात पुष्कळ आहे. आणि भंगार दर हंगामाला वितळविले जाते.